न वाळलेले बूट

"बाई, आहात तिथेच थांबा. पाय उचलू नका."

टॅमसिन जागीच थबकली. सकाळचा चहाचा कप हातात घेऊन ती द्राक्षांच्या एका ओळीच्या तोंडाशी उभी होती. समोरून एक उंच तरुण दोन्ही हात पुढे करून येत होता, उधळलेल्या बैलाला थोपवावं तसा.

"साप आहे का?" तिने विचारलं.

"साप परवडला असता. हे बूट याआधी कुठल्या मळ्यात फिरलेत?"

"व्हिक्टोरियात. गेल्या आठवड्यात... का?"

त्याचा चेहरा उतरला. "आणि इथे किती आत गेलात?"

खरं उत्तर होतं — काल संध्याकाळी, तीन ओळी, पार टोकापर्यंत. दक्षिण ऑस्ट्रेलियात, बरोसा खोऱ्यातल्या या मुक्कामाच्या तळावर गाडीला जोडलेली राहायची कॅरव्हान मागे घेताना आईबाबांचं नेहमीसारखं जुंपलं होतं. 'डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे की माझ्या?' इथवर गाडं आलं, तेव्हा टॅमसिन कुंपणाची तार ओलांडून सरळ वेलींत शिरली होती. पण समोरचा तो चेहरा बघून ते सांगायचा तिला धीर झाला नाही.

"इथेच," ती म्हणाली. "दोन पावलं."

त्याचं नाव एमिल. मळा त्याच्या आईचा. त्याने तिला बूट काढायला लावले, ब्लीचच्या पाण्यात बुडवले आणि तळ स्वतः ब्रशने घासले. घासता घासता तो सांगत होता. व्हिक्टोरियातल्या काही मळ्यांच्या मातीत एक कीड असते, तिळाहून बारीक. ती मुळं खाते आणि बुटाला चिकटून शेकडो मैल जाते. औषध नाही. लागली की वेल उपटायची. त्याच्या वेली एकशे तीस वर्षांच्या होत्या, खापरपणजोबांनी लावलेल्या.

"लागली तर लगेच कळतं?"

"तीन-तीन वर्षं काही दिसत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडतात."

टॅमसिनने उरलेला चहा गवतात ओतला.

तिला त्याच्या आईचे गमबूट मिळाले, दोन मापं मोठे. "तुमचे वाळले की देतो," तो म्हणाला. "संध्याकाळी या."

संध्याकाळी तिचे बूट कुंपणाच्या खांबांवर उलटे टांगलेले होते. उत्तरेचा गरम वारा दिवसभर सुटला होता.

"अजून ओले आहेत," एमिल लांबूनच म्हणाला.

"चाळीस डिग्रीत?"

"जाड चामडं आहे."

"हात लावून तरी बघ."

"बघायला गेलो तर वाळलेले निघायचे." तो हसला.

ती हसली. मग तिची नजर त्या तीन ओळींकडे गेली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. आत्ता सांगावं... पण आत्ताच तर तो पहिल्यांदा हसला होता.

"पाऊस आला तर किती बरं होईल ना," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"ए, तो शब्द तोडणी होईपर्यंत इथे काढायचा नाही, पावसाने मणी फुटतात. आई ऐकेल."

"मग कुठला शब्द काढू?"

"तुझं नाव सांगितलेलं नाहीस अजून."

कॅरव्हानमध्ये फ्रिजच्या दारावर बाबांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तिच्या बाबांनी, ग्रेमने, चौतीस वर्षं मेलबर्नमध्ये ट्राम चालवली होती. निवृत्त झाल्यावर रूळ सुटले, वेळापत्रक सुटलं नाही. कुठेही तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नाही आणि एका गावी दोनदा जाणं नाही. 'बरोसा, निघणे : गुरुवार ७.१०.' टॅमसिनही त्याच्याच वळणावर गेलेली. चार वर्षांत तीन नोकऱ्या, आणि चौथी पंधरा दिवसांनी पर्थमध्ये; तोवर ती आईबाबांबरोबर हिंडत होती. चाकं फिरायला लागली की तिला बरं वाटायचं. या वेळी मात्र गुरुवार यायलाच नको होता. बुधवारी पहाटेच ती उठून बसली.

"काय गं, डास चावतायत का?" तिच्या आईने, रोझलिनने, विचारलं.

"हो."

"उंच डास आहे," रोझलिन म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्या सकाळी एमिलने तिला कामाला लावलं. दर वेलीचा एकच मणी तोडायचा, पिशवीत टाकायचा. मग सगळे चिरडून रसात काचेची नळी सोडायची. ती किती वर तरंगते त्यावरून गोडी कळते. साडेतेरा आकडा आला की दुसऱ्या दिवशी तोडणी. तेव्हा बारा पूर्णांक आठ होता.

"रोज हेच?" तिने विचारलं. "रोज बघायचं आणि रोज थांबायचं? मला तर वेड लागेल."

"मलाही लागतं. सकाळी तीनदा मोजतो. आई नळी लपवून ठेवते."

दोघांचे हात पिशवीत एकदमच गेले. दोघांनीही ते काढायची घाई केली नाही... तेवढ्यात तिला दिसलं, कॅरव्हानच्या तळाकडच्या तीन ओळींच्या खांबांना निळ्या फिती बांधलेल्या होत्या.

"ते काय?"

"त्या ओळी सगळ्यांत शेवटी तोडायच्या."

"का?"

"एक शंका आहे," एमिल म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. टॅमसिनने टोपी खाली ओढली.

गुरुवारी सातला कॅरव्हान गाडीला जोडून तयार होती. ग्रेम स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"मला दहा मिनिटं हवीत," टॅमसिन म्हणाली.

"सात दहाला निघायचंय, पोरी."

"ग्रेम," रोझलिन शांतपणे म्हणाली, "धावत येणाऱ्या माणसांच्या तोंडावर तू जन्मभर ट्रामचं दार लावलंस. आज थांब."

टॅमसिन गमबुटांत फटक फटक धावली. एमिल कुंपणापाशीच होता.

"मी खोटं बोलले," ती धापा टाकत म्हणाली. "दोन पावलं नाही. तीन ओळी. सोमवारी संध्याकाळी, टोकापर्यंत. त्या फिती — त्या माझ्यामुळेच आहेत ना?"

त्याने खांबावरून उजवा बूट काढून उलटा धरला. टाचेचा एक कोपरा तुटलेला होता. "घासतानाच दिसला हा. त्याच दुपारी मातीत असेच ठसे सापडले. आईलाही सांगितलं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"मंगळवारी दुपारी इतका राग आला होता की तेव्हा बोललो असतो तर भांडलोच असतो. संध्याकाळी तू आलीस आणि राग टिकला नाही. बुधवारी..." तो थांबला. "बुधवारी वाटलं, विचारून कळलं तर त्यात काय? तू जाण्याआधी सांगशील का, तेवढंच बघायचं होतं. रात्रभर डोळा लागला नाही."

"आणि आई काय म्हणाली?"

"बूट जाळ म्हणाली. मी म्हटलं, अजून वाळले नाहीत."

ती हसली आणि रडलीही, दोन्ही थोडं थोडं. "आता काय करायचं?"

"तीन वर्षं, दर जानेवारीत, भर उन्हाळ्यात, त्या ओळींची मुळं उकरून बघायची. बहुतेक काही निघणार नाही. माती कोरडी होती. पण बघावं लागेल. ज्याने ओळी तुडवल्या त्याने यायचं, असा नियम आहे."

"कुणाचा?"

"आत्ताच केला."

"तीन जानेवारी," ती म्हणाली. "आणि मधले महिने?"

"मधल्या महिन्यांचं काय करायचं, तेच रात्रभर मोजत होतो." त्याने तिचा हात हातात घेतला. गोड रसाने त्याची बोटं चिकट होती. "आज साडेतेरा आला, टॅम. उद्या तोडणी. आणि तू निघालीस."

रस्त्यावरून हॉर्न वाजला. एकदाच, आणि तोही हळू.

ती परतली तेव्हा डाव्या पायात तिचा बूट होता, उजव्या पायात गमबूट. ग्रेमने आरशातून ते पाहिलं.

"दुसरा कुठाय?"

"वाळला नाही."

ग्रेमने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग तो खाली उतरला, मागे कॅरव्हानमध्ये गेला आणि फ्रिजसमोर उभा राहून त्याने खिशातली पेन्सिल काढली.

"बरोसा," तो दारातून ओरडला. "परत कधी?"

"जानेवारीत," टॅमसिन म्हणाली.

सात बावीसला ते निघाले.