छपरावरचा मायक्रोफोन

ओहायोतल्या आमच्या गावात कॉलेजचा फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा तो आमचा अमेरिकन खेळ, रेडिओवर ऐकू येऊ लागल्याचं ते दुसरंच वर्ष. मैदानाच्या गॅलरीवर, पत्र्याच्या छपरावर एक लाकडी खोपटं ठोकलं होतं. त्यात ऑर्व्हिल मायक्रोफोनपुढे बसून खेळ सांगायचा आणि मी कानाला हेडफोन लावून यंत्र सांभाळायचो. त्या शनिवारी बोचरा वारा होता. खालून चिखलाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता.

सामना मिलबँक कॉलेजशी होता. गेल्या हंगामात त्यांच्या राइमरनं, शिट्टी वाजून गेल्यावर, खाली पडलेल्या आमच्या टॉलिव्हरच्या मानेवर बूट रोवला होता. टॉलिव्हरचा मैदानातच जीव गेला. चौकशीत त्यांचे प्रशिक्षक हॅस्केट एवढंच म्हणाले, "खेळ आहे. लागायचंच."

"तो बघ, हसतोय राइमर," ऑर्व्हिल मला म्हणाला. "आणि मी त्याचं कौतुक सांगायचं."

"नाव घे नि पुढे जा. गाव ऐकतंय."

"टॉलिव्हरची आईपण ऐकतेय."

उत्तरार्धात ऑर्व्हिलचा घसा बसला. त्यानं कॉफीचा मग तोंडाला लावला. माझ्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज चालूच राहिला.

"राइमर चेंडू घेऊन सुटलाय. मागून टॉलिव्हर."

मी वळून पाहिलं. ऑर्व्हिल घोट गिळत होता.

"काय म्हणालास?"

"मी? कुठे काय."

खाली राइमर चेंडू छातीशी धरून एकटाच पळत होता. आसपास कुणी नव्हतं. तरी तो मागे वळून बघत होता. पुन्हा पुन्हा.

"टॉलिव्हरनं गाठलं."

राइमर तोंडावर आपटला. शिट्टी वाजली. त्याचं डोकं चिखलात दबत गेलं, वरून कुणी भार द्यावा तसं. दोघांनी ओढलं, तरी मान सुटेना.

मी वायर उपटायला हात घातला. ऑर्व्हिलनं तोवर एका बाजूचा हेडफोन आपल्या कानाशी ओढला होता. त्यानं माझं मनगट पकडलं.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "तिला ऐकू दे."

मी हात मागे घेतला.

खाली राइमरवर घोंगडी पांघरली. तोंडावरूनही.

"टॉलिव्हर मैदानाबाहेर येतोय," आवाज शांतपणे म्हणाला. "मिलबँकच्या बाकाकडे."

बाकावर हॅस्केट एकटेच उरले होते. त्यांना रेडिओ ऐकू येणं शक्य नव्हतं.

त्यांनी समोर मान वर करून पाहिलं. हॅट काढून मांडीवर ठेवली.

मग एका माणसापुरती जागा करून ते बाकावर सरकले, आणि शेजारी कुणीतरी बोलत असावं तशी, नीट ऐकून घेत, हो-हो अशी मान हलवू लागले.