हिरवं बटण

“उचला, उचला! बसायला वेळ नाही आज! निम्मा गहू अजून उघड्यावर पडलाय आणि ते बघा तिकडे, कसं काळंकुट्ट करून आलंय!”

थोरलीचा आवाज खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला. डोक्यावर पेंढ्यांचा भारा, केसांत भुसकट, घामाने चिंब झालेली पाठ... आणि पाय मात्र सोळा वर्षांच्या पोरीसारखे धावत होते! शेजारपाजारची दहा-बारा माणसं मदतीला आली होती. मळणी यंत्र धडधडत होतं, तोंडातून भुशाचा लोट उडवत होतं, खाली पिवळ्याधमक दाण्यांची रास वाढत होती. गेल्या कित्येक वर्षांत असं पीक आलं नव्हतं, आणि नेमका आजच हा वारा फिरला होता.

खळ्याच्या कडेला बाजेवर आबा बसले होते. उजव्या बाहीला गाठ मारलेली. कोपरापासून खाली हातच नव्हता. डाव्या हाताने ते साऱ्या खळ्याला हुकूम सोडत होते. लेकीला सोडून, साऱ्या खळ्याला.

थोरलीशी आबा बोलत नसत. बावीस वर्षं झाली होती त्याला!

तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. आई जाऊन पाच वर्षं लोटली होती, त्यामुळे धाकट्याची ताईही तीच आणि आईही तीच. असाच मळणीचा दिवस होता. यंत्रात पेंढी अडकली म्हणून आबांनी मोटर बंद केली, झाकण उघडलं आणि आत हात घातला. खांबावरचं हिरवं बटण नवं कोरं, चकचकीत... धाकट्याने खेळता खेळता ते दाबलं.

त्यानंतरचा तो आक्रोश थोरली जन्मभर विसरली नाही. रक्ताच्या थारोळ्यात पडलेले आबा, वेदनेने आणि संतापाने वेडेपिसे होऊन ओरडत होते, “कुणी दाबलं? जिवंत सोडणार नाही मी त्याला!” आणि धाकटा तिच्या पाठीला असा बिलगला होता, की त्याच्या काळजाची धडधड तिला स्वतःच्या छातीत ऐकू येत होती. तिने क्षणभरही विचार केला नाही.

“मी दाबलं, आबा.”

बस्स, तीन शब्द! तेवढ्यावर तिचं आयुष्य दुसऱ्याच वाटेला लागलं.

आबा बरे होऊन घरी आले, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “ताईला सांग, वरचं रान नांगरायचंय.” “ताईला सांग, विहिरीचा पंप बिघडलाय.” निरोप न्यायचा धाकट्याने, आणि उत्तर आणायचंही त्यानेच! एकदा तो गोठ्यात तिच्यापुढे ढसाढसा रडला, “ताई, मी सांगून टाकतो गं...” तिने त्याला आईची शपथ घातली. “त्यांना एकच मूल उरलंय असं वाटतंय, तेवढं तरी उरू दे,” ती म्हणाली.

पुढे धाकटा शिकायला शहरात गेला, शिक्षक झाला, तिकडेच संसाराला लागला. मग आबा निरोप कुत्र्याला सांगू लागले! “काय रे, उद्या पेरणी करायला हवी, नाही का?” असं ते कुत्र्याकडे बघून मोठ्याने म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी थोरली पेरणी करी. तिला कधी कधी हसू येई... आणि हसता हसता डोळे भरून येत.

आजोबांनी पहारीने दगड उपटून हा माळ पिकाऊ केला होता, आबांनी तिथे विहीर खणली होती, आणि थोरलीने बापाचा गेलेला हात होऊन ते सगळं हिरवं ठेवलं होतं. शेजारच्या गावातल्या एका सुताराने तिला मागणी घातली होती, दोन वर्षं वाट पाहिली होती. “मी गेले तर शेत कोण बघणार?” म्हणून तिने त्याला परत पाठवलं. आबा मात्र लोकांना सांगत, “यंदा रानानं चांगलं दिलं.” रानानं!

...धाड! यंत्रातून विचित्र आवाज आला. पट्टा करकरला आणि पातं जागच्या जागी थांबलं.

“अडकलं! बंद करा, बंद करा!” यंत्रावरचा मिस्त्री ओरडत धावला. मोटर बंद होताच त्याने झाकण उघडलं, लोखंडी आकडा घेऊन आत वाकला. “बटणाजवळ एकजण उभं राहा रे! मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही!”

सगळे भारे वाहण्यात गुंतलेले. जवळ होता तो फक्त कालच सुट्टीवर आलेला धाकटा. कुणीतरी त्याला खांबाकडे ढकललं.

विजा कडाडल्या. मिस्त्रीने ओढून ओढून ओल्या पेंढीचा गोळा बाहेर काढला, झाकण आदळलं, दोन्ही हात वर केले. “झालं मास्तर! दाबा!”

धाकटा हलला नाही.

“दाबा की!”

त्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. चेहरा पांढराफटक पडलेला, कपाळावर घाम डवरलेला... थोरलीने भारा तिथेच टाकला. तिला सगळं कळलं! ती धावत सुटली. “सरक बाजूला, मी दाबते!”

“ती नको!” आबा बाजेवरून ताडकन उठले. “मिस्त्री, तिला मागे व्हायला सांगा! माझा हात घेतलाय तिनं, आता आणखी कुणाचा नको!”

“मी घेतला!”

धाकट्याची ती किंकाळी वाऱ्यावरही साऱ्या खळ्याला ऐकू गेली. “ताईनं नाही, मी! मी दाबलं होतं बटण, आबा! तिनं शपथ घातली म्हणून... नाही, शपथेचं निमित्त, मी भित्रा होतो म्हणून गप्प राहिलो! घरी होतो तोवर तुमचे निरोप तिला पोचवत राहिलो आणि बावीस वर्षांत एवढं एक सांगायचं धाडस झालं नाही मला!”

थोरलीने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं जपलेलं, पोसलेलं ते मौन असं भर खळ्यात फुटलं होतं, आणि तिला सुटल्यासारखं वाटत होतं की लुटल्यासारखं, हे तिचं तिलाच उमजेना!

टण्! यंत्राच्या पत्र्यावर पहिली गार आपटली.

आबांनी लेकीकडे पाहिलं. थेट, डोळ्यांत डोळे घालून. आणि ते गरजले,

“बघतेस काय नुसती? दाब ते बटण!”

तिने दाबलं! यंत्र धडधडलं आणि खळं पुन्हा पेटून उठल्यासारखं झालं. धाकटा रडत रडत पेंढ्या यंत्रात सारत होता, शेजारणी पोती भरत होत्या, मिस्त्री देवाला आणि यंत्र बनवणाऱ्या इंजिनियरांना एकाच दमात शिव्या घालत होता. आणि एक हात असलेले आबा दाताने पोत्याचं तोंड धरून डाव्या हाताने पोतं ओढत होते! शेवटचं पोतं पत्र्याच्या शेडमध्ये पडलं आणि मागोमाग आभाळ फाटलं. गारांचा नुसता मारा!

शेडमध्ये धाकट्याकडे वळून आबांनी डावा हात उचलला तशी थोरली झटकन धाकट्यासमोर आली. “नऊ वर्षांचा होता तो, आबा!”

“मारत नाही गं...” तो हात धाकट्याच्या डोक्यावर टेकला. मग आबा पोत्यावर बसले. “तो नऊचा होता. तू सोळाची. मी तर चाळिशीचा होतो ना? मेन स्विच न काढता आत हात घालणारा मी! स्वतःला दोष देता येईना, म्हणून तुझ्या माथी मारला...”

थोरलीच्या आत कोंडलेलं काहीतरी उसळून वर आलं. “एकदा तरी विचारायचं होतंत! बावीस वर्षांत एकदा! ‘पोरी, खरंच तूच दाबलंस का?’ म्हणून!”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

तिने धाकट्याकडे पाहिलं. “नसतं सांगितलं,” ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

“मग आता विचारतो,” आबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून आसवं वाहत होती आणि ती पुसायचं भान त्यांना नव्हतं. “कशी काढलीस गं एवढी वर्षं? सगळं सांग मला. पहिल्या दिवसापासून.”

ती त्यांच्या पायाशी बसली आणि सांगू लागली. वर पत्र्यावर गारा अशा तडतडत होत्या, की शेजारच्याचंही ऐकू येईना. म्हणून ती ओरडून सांगत होती... नांगराची पहिली चुकलेली ओळ, गाभण म्हशीपाशी एकटीने जागवलेली रात्र, परत पाठवलेला सुतार, सगळं सगळं घसा फोडून सांगत होती! आणि आबा, ज्यांनी जन्मात कुणाला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, ते कान तिच्या तोंडाशी नेऊन नुसते ऐकत होते.