आठवी दोरी

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९१, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. क्लेम हॉस्किंग वही घेऊन आमच्या ट्रेवॅन गावच्या चर्चच्या मनोऱ्यात चढला. काम साधं होतं. घंटा वाजवणाऱ्यांच्या संघाला शंभर वर्षं झाली होती, त्याचा इतिहास लिहायचा होता, आणि संस्थापकांची नावं वरच्या लाकडी फळीवर होती.

हे काल अंधार पडल्यावर माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. क्लेम त्यांचा जिवाचा दोस्त. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. आमचे हे, जेगो, समोर चहा पीत होते. परवा शनिवारी संघाच्या वाढदिवसाला आठवी घंटा, सगळ्यांत मोठी, हेच वाजवणार आहेत.

"आठवी जेबेझची आहे," सासरे म्हणाले.

"बाबा, तो मेला कधीच," जेगो म्हणाले.

"मेला. पण गेला कुठं?"

चार गावं पायी फिरून माणसं जमवली ती जेबेझ टॉन्किननं. संघ त्याचाच म्हणायचा. पण पहिल्याच सभेत नियम झाला, दारू पिणारा मनोऱ्यात नको, आणि सगळ्यात आधी त्याचंच नाव खोडलं. त्या रात्री तो एकटा वर गेला. आठवी घंटा झुलवत नेऊन तोंड वर करून उभी ठेवली, आणि कुणाला सांगितलं नाही. अशी घंटा म्हणजे सापळाच. दोरी जरा ओढली की ती कलंडते आणि माणसाला छताकडे उचलते. सकाळी त्याच्या जागी आलेल्या माणसाची मान मोडली. पुढं जेबेझ मेला तेव्हा संघानं त्याच्यासाठी एक टोलसुद्धा दिला नाही.

तेव्हापासून घंटा तोंड खाली करून उतरवल्याशिवाय कुणी मनोरा सोडत नाही.

"त्या मंगळवारी क्लेमनं स्वतः उतरवल्या होत्या," सासरे म्हणाले. "मनोऱ्याची किल्ली त्याच्याच खिशात."

क्लेमनं मोठ्यानं वाचत सात नावं लिहिली. आठव्या जागी नुसतं खरवडलेलं लाकूड. तो हसला. "दारुडे आम्ही लिहीत नाही रे, जेबेझ."

दोरी हलली.

वारा नव्हता.

दोरीवरची लोकरीची मूठ वीतभर वर गेली... थांबली. क्लेमला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. त्यानं मूठ धरली.

खाली लोंबणारी घंटा माणसाला ओढत नाही. कधीच नाही.

हिनं ओढलं...

जेगोंनी कप खाली ठेवला.

"मग?" मी विचारलं.

"तीन दिवस जगला. एकच धोसरा... एवढ्या मोठ्यानं वाजत होती, तुम्ही आला कसे नाहीत?"

"तुम्ही नाही ऐकलं?"

"समोरच्याच गुत्त्यात बसलो होतो, पोरी. कुणीच नाही ऐकलं."

मग सासरेच वर गेले बघायला. घंटा खालीच होती, शांत. पण तिच्या लोलकाला कातडं बांधलेलं. मयताला आवाज दबावा म्हणून एका बाजूला बांधतात तसं, पण दोन्ही बाजूंनी. पट्टे करकचून आवळलेले. आणि संघाकडची सगळी कातडी कपाटात होती, मोजून.

जेगो म्हणाले, "म्हाताऱ्याचं काय ऐकतेस." आणि झोपायला गेले.

मला काही झोप लागली नाही. माझं ते ऐकत नाहीत. शनिवारी सकाळी दहाला वाजवायला सुरुवात आहे. तुमच्यापैकी कुणाची त्यांच्याशी किंवा संघातल्या कुणाशीही ओळख असेल, तर त्याआधी एवढा निरोप पोचवा... आठव्या दोरीला हात लावू नका.