काट्यावरची नजर

"बंद करू नका! चालूच राहू द्या!"

गाडी धापा टाकत कडेला आली, आणि ज्ञानेश किल्लीला हात घालणार तोच समोरच्या शेडमधून एक मुलगी ओरडत धावत आली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात पाना. तिनं बॉनेट उघडलं, कान तिरका केला, डोळे मिटले. इंजिननं दोन ठसके दिले आणि मान टाकली.

"गेली," ती म्हणाली. "पण जाता जाता बोलली थोडं."

ज्ञानेश बघतच राहिला. आकुर्डीच्या कंपनीत तो दिवसभर यंत्रांच्या आवाजातच असायचा. पण यंत्राचं इतक्या मायेनं कुणी ऐकून घेतलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

ती तनुजा. चाकणजवळच्या निघोजे गावच्या भिमाजींची मुलगी. वडिलांनी भाड्यानं दिलेल्या शेडपैकी एक हट्टानं मागून घेऊन तिनं स्वतःचं ट्यूनिंगचं गॅरेज थाटलं होतं. गाडी ज्ञानेशच्या वडिलांची, उद्धवरावांची. लातुरात हीच टॅक्सी चालवून त्यांनी दोन्ही मुलं शिकवली, आणि मग ते ज्ञानेशकडे राहायला आले. आता लेकीचं, दिव्याचं, लग्न तोंडावर आलेलं, आणि नवरीला याच गाडीतून गावी न्यायचं, एवढा एकच त्यांचा हट्ट होता.

तनुजानं सायलेन्सरच्या नळीत सेन्सर बसवला, समोर एक गोल मीटर लावला.

"पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग मिळतायत, ते हा काटा सांगतो. चढावर काटा तेराच्या आसपास राहायला पाहिजे. आकडा वाढला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग इंजिन आतून भाजतं. तुम्ही रस्ता बघा, काटा मी बघते."

"आणि मलाही काटा बघावासा वाटला तर?"

"तुम्ही बघताय तो काटा नाही," ती मान न वळवता म्हणाली.

ज्ञानेशचे कान तापले... गालातल्या गालात ती हसली, हे मात्र त्यानं पाहिलं.

मग सुट्टीच्या दिवशी दोघं डोंगराकडच्या चढावर जायची. ती कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलायची, तो गाडी पळवायचा, आणि गाडी दरवेळी अर्ध्यातच गळपटायची. ज्ञानेशला त्याचं फारसं वाईट वाटेनासं झालं होतं.

त्या सकाळी मात्र गाडी चढत राहिली.

"साडेबारा... तेरा... छान... तेरा..." ती ठेक्यात म्हणत होती. माथा समोर दिसू लागला. आणखी थोडंच —

"चौदा... पंधरा... पाय काढ! काढ पाय, म्हंते न्हवं!"

त्यानं पाय काढला. गाडी हळूच कडेला थांबली.

"माथा समोर होता," ती अवघडून म्हणाली. "लोक विचारत बसतात, कशाला काढू? तुम्ही लगेच काढलात."

"तू म्हणालीस ना."

तिनं पुन्हा काट्याकडे पाहिलं. मग एकदम ताठ बसली. "जेट लहान असता, तर आकडा पहिल्यापासून वाढला असता! मागनं पेट्रोलच पुरं येत न्हाई!"

ती गाडीखाली शिरली आणि गालावर काळा पट्टा घेऊन बाहेर आली. हातात पेट्रोलची रबरी नळी, जुनी, लिबलिबीत. पंपानं ओढ घेतली की आतून चिकटणारी. तिचा चेहरा असा उजळला होता, की ज्ञानेशला वाटलं, आयुष्यभर गाड्या बिघडवाव्यात आणि हिच्याकडे आणाव्यात.

नवी नळी बसली. काटा तेरावरून ढळला नाही, आणि गाडी माथ्यावर पोचली. खाली चाकणच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं चमचमत होती.

"परवा मला बघायला येणार आहेत," तनुजा हळूच म्हणाली. "मागच्यांना सगळं पसंत होतं. फक्त गॅरेज बंद कर म्हणाले."

"मग... तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, चहा घ्या."

ज्ञानेशला हसू आलं. "तनुजा... उद्या मी आई-बाबांना घेऊन येऊ? बाबा तुझं गॅरेज बघून तिथंच मुक्काम ठोकतील. आणि मला... मला तू जशी आहेस तशीच हवीस. हाताच्या ग्रीससकट."

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग तोच काळा हात त्याच्या पांढऱ्या बाहीवर अलगद टेकला.

"उद्या कशाला? आजच चल. आबा घरीच हायेत."