चार बोटांचं अंतर

त्याची-माझी पहिली भेट जिन्यात झाली, आणि पहिल्याच वाक्यात त्यानं माझं डोकं फिरवलं.

मी वरच्या हॉलमधून उतरत होते. तो मधल्या पायरीवर डाव्या कानाला बर्फाची पिशवी लावून बसला होता. कान कसला, मार खाऊन खाऊन सुजलेला फ्लॉवरचा गड्डाच! आमच्या वर्गातली पोरं त्याला मागून ‘फ्लॉवर’च म्हणायची. खालच्या मजल्यावर हे एमएमएवाले आले होते ना — पिंजऱ्यात शिरून ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र चालतं तो खेळ — तेव्हापासून आमची पोरं एकेक करून खालीच उतरायला लागली होती. चाळिसांतली नऊ उरली होती.

“तुम्ही वरच्या नाचाच्या क्लासमधल्या ना?” त्यानं विचारलं.

“नाच?”

“नाही, म्हणजे... सगळे ओळीत उभे राहून हवेत हात मारतात. दारातून पाहिलं एकदा. छान दिसतं हो!”

“कराटे म्हणतात त्याला. माझे बाबा तीस वर्षं शिकवतात.”

“ते झालंच. पण कधी कुणाला लागतं का?”

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. मी खांद्यावरची बॅग पायरीवर आपटली. “चला खाली. दाखवते.”

तीन सेकंद. खोटं कशाला सांगू, तीनच सेकंद लागले त्याला. त्याचं डोकं माझ्या पोटाशी आलं, पाय उचलले गेले आणि मी छताचे पंखे मोजत होते. राग यायला हवा होता... पण मी थक्कच झाले. एवढा धिप्पाड माणूस, वाऱ्यासारखा आत शिरला आणि मला आडवं करताना माझ्या डोक्याखाली स्वतःचा तळहात ठेवायला विसरला नाही!

“परत,” मी म्हणाले.

“अहो, पुरे की.”

“परत म्हटलं ना!”

या वेळी तो निघायच्या आधीच मला कळलं तो निघतोय. मी अर्धं पाऊल मागे सरकले. तो आत आला, आणि माझा पाय त्याच्या त्या फ्लॉवरपासून चार बोटांवर जाऊन थांबला.

तो जागच्या जागी खिळला. श्वाससुद्धा घेत नव्हता.

“हा... हा कुठून आला?”

“वरून. नाचाच्या क्लासमधून.”

त्याला हसू आलं नाही. नुसता बघत राहिला, डोळे विस्फारून.

“पाय खाली घेऊ का?” मी विचारलं.

“थांबा ना जरा... बघू द्या.”

मग त्यानंच सांगितलं. दीड महिन्यानं त्यांच्या स्पर्धा होत्या. त्यांच्यातल्या एका मुलीचं मनगट मोडलं होतं, तिची जागा रिकामी होती. “तुम्ही उतरा. कुस्तीपासून कसं वाचायचं ते मी शिकवतो.”

मी हो म्हणाले, त्याला कारण होतं. तीस वर्षं बाबा रोज पहाटे हॉलवर येऊन आपला पांढरा गणवेश स्वतः इस्त्री करायचे. गेला आठवडाभर तो खुंटीला चुरगळलेला लटकत होता. “दोन महिन्यांनी बंद करू वर्ग,” ते म्हणाले होते. “लोकांना नको ते गळ्यात कशाला मारायचं?”

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, “मी लढते. जिंकले तर वर्ग चालू ठेवायचा.”

“आणि हरलीस तर?”

 

दीड महिना रोज सकाळी मी खाली आपटले. रबरी गादीचा वास केसांत मुरला. कुणी पायांत शिरलं की आपले पाय मागे फेकून त्याच्या पाठीवर कंबर कशी टाकायची, खाली पडल्यावर गळा कसा वाचवायचा... जमिनीवरही एवढी विद्या असते हे मला ठाऊकच नव्हतं! ‘अहो-जाहो’ कधी गळून पडलं? मी पहिल्यांदा त्याचा गळा आवळला तेव्हा. “अगं सोड, मरेन ना!” ओरडला तो.

लढायच्या आधी हातांना पट्ट्या गुंडाळतात. माझ्या तोच गुंडाळायचा, एकेक बोट धरून.

“आज एका हाताला दहा मिनिटं?” मी विचारलं एकदा. “काल तर चार लागली होती.”

“नीट नको का गुंडाळायला?”

“काल नीट नव्हती का?”

“काल तू... अशी बघत नव्हतीस.”

माझ्या गालावर एक बट आली होती. ती सारायला त्यानं हात वर केला. हात आला... आला... आणि चार बोटांवर थांबला. मग त्यानं पाण्याची बाटली उचलली. वेडा कुठला!

स्पर्धेला बाबा आले, पण मागच्या रांगेत बसले.

पहिला राउंड. समोरची दणकट होती, पण मला तिचा एकूण एक डाव येताना दिसत होता. माझा ठोसा सरळ तिच्या हनुवटीवर गेला... आणि थांबला. चार बोटं अलीकडे. दुसरा, तोही थांबला. बाबांच्या वर्गात ज्याचा ठोसा समोरच्याच्या तोंडाला लागतो तो हरतो. जोरात मारायचं आणि कातडीपाशी थांबवायचं, हेच तर कसब! वीस वर्षं मुरलेला हात माझं ऐकेल कशाला? तिसरा ठोसाही थांबला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं मला उचलून आपटलं. “अगं मार की!” लोक ओरडत होते, हसत होते.

घंटा झाली. मी स्टुलावर बसले. 

“तुझा हात पोचतोय गं,” तो कळवळून म्हणाला. “तूच त्याला परत बोलावतेयस.”

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. बाबा होते.

“थांबायला मीच शिकवलंय,” ते शांतपणे म्हणाले. “आजही थांबच. फक्त चार बोटं अलीकडे नको, पलीकडे थांब.”

“बाबा, तिला लागेल...”

“ती लागून घ्यायच्या तयारीनं आलीय. लुटुपुटीचं मारून तिचा अपमान करू नकोस.”

दुसरा राउंड. ती माझ्या पायांत शिरली. मी कंबर टाकली, त्यानं शिकवली तशीच. ती सुटून उठली, पुन्हा झेपावली. मी अर्धं पाऊल मागे... आणि पाय गेला. तोच पाय. या वेळी तो थांबला ते पलीकडे.

 ती मटकन खाली बसली आणि पंचांनी हात हलवून लढत थांबवली. मी धावत जाऊन तिच्याजवळ गुडघे टेकले.

“फार लागलं का गं?”

“विचारतेस काय!” ती डोळे मिचकावत म्हणाली. “कुठून आला गं तो?”

मी माझ्याच पायाकडे बघत राहिले. वीस वर्षं हा माझ्याजवळ होता आणि मला पत्ताच नव्हता.

पिंजऱ्याबाहेर बाबा उभे होते. आमच्या कराटेत नमस्कारासाठी धाकट्यानं आधी वाकायचं असतं. मी वाकणार, तोच ते वाकले. कमरेतून, पूर्ण. माझा बांधच फुटला.

“रडतेस काय? उद्या सहाला वर्ग आहे,” ते म्हणाले. “उशीर करू नकोस.”

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मी जिना चढत होते. वरून इस्त्रीचा गरम वास येत होता. मधल्या पायरीवर तो बसला होता, या वेळी बर्फाशिवाय.

“नाचाच्या क्लासला प्रवेश मिळेल?”

“फ्लॉवर असलेल्यांना नाही.”

“एक सांगायचं होतं,” तो उठला. आता माझ्या अगदी समोर होता. “तू त्या दिवशी पडल्या पडल्या ‘परत’ म्हणालीस ना... तेव्हापासून मला... म्हणजे...”

त्याचा हात माझ्या गालाकडे आला. आला... आणि थांबला.

चार बोटं!

“बाबांनी काय सांगितलं, ऐकलं नाहीस?” मी म्हणाले.

“ऐकलं. पण...”

त्याच्या ‘पण’ची वाट कोण बघतंय! ते अंतर मीच संपवलं.

“तू मला फार आवडतेस,” तो माझ्या केसांत पुटपुटला. एकदाचं बोलला बाई!

“जिन्यात कोण आहे?” वरून बाबांचा आवाज घुमला. “सहा वाजले! दोघंही वर या.”