ठेंगण्या छताखालचा माइक

दारातच बुटांवरचा बर्फ झटकून थीआ सरळ काउंटरपाशी गेली आणि म्हणाली, की भावाच्या नावाने राखून ठेवलेला लांब माइक तिला नकोय.

विनिपेगमधलं सिनेमाचं सामान भाड्याने देणारं ते दुकान लहान होतं, मालकाची मतं मात्र मोठी. त्याने हातभर लांबीचा शॉटगन माइक तिच्यासमोर ठेवला. सगळे हाच नेतात, तो लांबून आवाज खेचून आणतो, असं त्याचं म्हणणं.

"खेचत नाही," थीआ म्हणाली. "बाजूचे आवाज कमी करतो, एवढंच. आणि तेही मोकळ्यावर. माझं शूटिंग स्वयंपाकघरात आहे."

शेजारी कुणीतरी हसलं. सामान परत करायला आलेला एक उंच तरुण होता, कानटोपीतून केस बाहेर सांडलेले, हातात वीतभर लांबीचा आखूड शॉटगन. थीआची नजर आधी माइकवर गेली, मग त्याच्यावर... आणि हा क्रम त्याच्या लक्षात आला.

"छत किती उंच?" त्याने विचारलं.

थीआने टाचा न उचलता हात वर केला. "इथे."

"मग लांब माइक नकोच. आवाज छतावर आपटून त्यात मागून शिरणार. माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय असं वाटेल."

"तेच सांगतेय मी मघापासून."

"तुम्ही सांगत नव्हतात, भांडत होतात."

"तुम्ही नेहमी असे दुसऱ्यांच्या बोलण्यात पडता?"

"बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरतो मी. दुसऱ्यांच्या बोलण्यात काठी घालणं हाच माझा धंदा."

नाव रेनाटो मगबानुआ. त्याने आखूड माइक तिच्या हातात दिला, पण एक अडचणही सांगितली. हा माइक अगदी डोक्यापाशी न्यावा लागतो, आणि कुठलाही कॅमेरावाला तो इतका खाली येऊ देत नाही. थीआ म्हणाली, देईल. तो म्हणाला, पैज. ती जिंकली तर तो एक दिवस फुकट बूम धरणार. तो जिंकला तर तिने त्याला जेवू घालायचं.

"म्हणजे काहीही झालं तरी तुम्ही येणारच."

"हं..." तो दुकानाच्या काचेकडे बघत म्हणाला, "तसा हिशोब झाला खरा."

एरवी थीआ हसली असती. पण सिनेमा तिचा असला तरी कॅमेरा होता भावाचा, एल्डनचा. त्यांची नायिका ॲग्नेस ही शाळेच्या बसची निवृत्त चालक. जन्मभर मागच्या सीटवरच्या पोरांना दटावून तिचा आवाज घोगरा झालेला. एल्डनला ॲग्नेसचा चेहरा हवा होता, आवाज टोरांटोच्या एका अभिनेत्रीचा. दुसऱ्या दिवशीचा पहिला प्रसंग स्वच्छ रेकॉर्ड झाला नाही, तर सगळा सिनेमा त्या बाईच्या आवाजात डब करायचा, असं बहीणभावात ठरलं होतं. लहानपणी थीआ ॲग्नेसच्याच बसमधून शाळेत जायची. कथा लिहिताना प्रत्येक वाक्य तिला त्याच आवाजात ऐकू आलं होतं. तो आवाज गेला तर सिनेमा तिचा उरणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैजेचा निकाल लावायला रेनाटो ॲग्नेसच्या घरी आला तो गरम पानदेसाल पावांची पिशवी घेऊनच. आल्याआल्या त्याने घुरघुरणारा फ्रिज बंद केला आणि सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या मागून घेऊन आत लोण्याशेजारी ठेवल्या. ध्वनीवाल्यांची ही रीतच आहे. फ्रिज परत चालू करायला विसरलं तरी किल्ल्यांशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही, मग दूध नासत नाही. ॲग्नेसला हे फारच आवडलं. नवऱ्याला हीच शिस्त लावायला हवी होती, असं ती म्हणाली.

एल्डनच्या हट्टाने आधी त्याच्याकडचा जुना लांब माइक लावून पाहिला. ॲग्नेस खरंच बादलीतून बोलली. मग आखूड लावला. तो खाली येताच एल्डन म्हणाला, "दिसतोय. वर घे." वर घेतला, की खोली घुमायची. पुन्हा खाली, पुन्हा वर.

रेनाटोने थीआकडे पाहिलं. पैज तो जिंकत होता, पण चेहरा हरल्यासारखा होता.

"माइक हलणार नाही," थीआ म्हणाली. "एल्डन, तू फ्रेम खाली घे."

"खिडकी कापली जाईल. सगळा उजेड तिथे आहे."

"जाऊ दे."

"लोक सिनेमा बघायला येतात, थीआ."

"आणि हिला ऐकायला थांबतील."

"मग तूच चालव कॅमेरा." एल्डनने जाकीट उचललं आणि दार आपटून निघून गेला.

थीआ कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. तिने कॅमेरा स्वतः खाली झुकवला. खिडकी गेली, उरलं टेबल, दोन हात आणि ॲग्नेसचा चेहरा.

"बोलू, की बसची वाट बघू?" ॲग्नेसने विचारलं.

"बोल."

माइक ॲग्नेसच्या केसांवर अलगद येऊन थांबला. ॲग्नेसने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि संवाद म्हटला. "तुझी खुर्ची मी देऊन टाकली. आता आलास, तर उभा राहा."

थीआच्या हेडफोनमध्ये ॲग्नेसच्या घशातली खरखरसुद्धा स्वच्छ आली, कानाशी बसून बोलावं तशी.

तेवढ्यात दार वाजलं. एल्डन, नाक लालेलाल. "किल्ल्या," तो पुटपुटला.

कुणी हसलं नाही. थीआने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तो प्रसंग ऐकवला. त्याने पुन्हा लावायला सांगितला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "टोरांटोला मी कळवतो." आणि जाकीट काढून कॅमेऱ्यामागे जाऊन बसला.

दुपारी काम संपलं. आता फक्त खोलीची शांतता रेकॉर्ड करायची होती; संवादांमधल्या फटी तीच भरते. सगळे जागच्या जागी थांबले. थीआच्या कानात हीटरची टिकटिक आली, काचेवर घासणारा वारा आला... आणि अगदी जवळ, रेनाटोचा श्वास. तो तिच्याकडेच बघत होता. पैज संपली होती. उद्या यायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

"उद्याही ये," थीआ म्हणाली.

ॲग्नेसने डोळे मिटून घेतले. एल्डनने कपाळाला हात लावला.

"शांतता बिघडली," रेनाटो हळूच म्हणाला.

"माहितीये. मुद्दाम बिघडवली."

"परत घ्यावी लागेल."

"घेऊ. आधी उत्तर."

त्याने बूम सावकाश फिरवला, माइक स्वतःच्या तोंडासमोर आणला आणि अगदी जवळून म्हणाला, "येईन. रोज येईन."

थीआने रेकॉर्डिंग थांबवलं नाही.