आल्यावर लिही

त्या रात्री मिस्त्रीला एकच काम होते. एक मोटरसायकल डोंगरापलीकडे राहणाऱ्या वनरक्षकाच्या दारात नेऊन उभी करायची. अकरा किलोमीटरचा रस्ता, अर्ध्या तासाचा प्रवास. भिण्यासारखे त्यात काहीही नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

सांगतो आहे ते तुमच्यामुळे. मघाशी अंगणात तुमची नवी गाडी पाहून मी विचारले, "मागची स्प्रिंग वजनाला लावलीत का रे?" तर हा धाकटा म्हणाला, "लावली की आजोबा, नजरेनेच!" आणि तुम्ही सगळे हसलात. हसण्याचे वयच आहे तुमचे. पण जेवणे झाली आहेत, पहाटे डोंगरावर निघायचे म्हणून झोप कुणालाच येत नाही, तेव्हा ऐकून ठेवा. ही ऐकीव गोष्ट नव्हे. ज्याच्यावर गुदरली, त्या मिस्त्रीचे दुकान माझ्या भिंतीला भिंत लागून आहे.

ती गाडी दोघांची होती, मिस्त्रीची आणि त्याच्या मेहुण्याची. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. आधी दोघांची दोस्ती, मग मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीशी पेंटरचे लग्न, असा क्रम. गाडी एन्ड्युरो जातीची. दगड, चिखल, ओढे तुडवणारी. उंच, सडपातळ, एकाच स्वाराची. मागे दुसरा बसलाच, तर त्याला पाय ठेवायला जागा नाही. मिस्त्रीचे वजन ब्याण्णव किलो, पेंटरचे अठ्ठावन्न. बहीण म्हणायची, "हत्तीनं आणि मुंगीनं मिळून घोडा घेतलाय!" त्यावर पेंटर म्हणे, "मी बसलो तर घोड्याला कळतसुद्धा नाही."

म्हणूनच स्वार बदलला की बसकण मोजावी लागे. बसकण म्हणजे स्वार बसल्यावर गाडीची मागची बाजू किती खाली जाते, ते माप. शंभर मिलिमीटर जायला हवी, पाच-सहा इकडेतिकडे चालते. हत्तीसाठी आवळलेली स्प्रिंग मुंगीसाठी तशीच ठेवली, तर उतारावर दगड लागताच मागचे चाक उसळते आणि स्वाराला हँडलवरून पुढे फेकते. मोजायला दोघे लागतात. एकाने बसायचे, दुसऱ्याने मागून टेप ओढायची. माप बरोबर आले की पेंटर जुना आकडा पुसून बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक ब्रशने लाल रंगात नवा लिही. काय ते आकडे! त्याचा सहा तर आंधळ्यानेही चाचपून ओळखावा. शेपटीला एक नाजूक गिरकी असे.

शेवटच्या दिवशी तो घुश्शातच आला. एरवी थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी चहासुद्धा नको म्हणाला. मिस्त्री दुसऱ्याच एका इंजिनात कोपरापर्यंत बुडालेला होता.

"स्प्रिंग सैल केलीस का रे?" पेंटरने जुना आकडा पुसत विचारले.

"केली."

"मग बसतो, मोज."

"शंभरच भरेल रे. माझे हात बघ कसे बरबटलेत. निघ तू."

"आणि आकडा?"

"आल्यावर लिही."

पट्टी कोरी राहिली. तासाभरात ओढ्यावरच्या मोरीखालच्या उतारावर पेंटर सापडला. गाडीला खरचटलेसुद्धा नव्हते.

दगड आडवा आला, वेळ आली होती, असे लोक म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री माझ्या दारात आला. मी जपाला बसलो होतो. उंबऱ्याशीच बसून तो म्हणाला, "मास्तर, मी स्प्रिंग सैल केलीच नव्हती. कंटाळा केला. केली म्हणून सांगितलं. धाकटीला सांगू का?"

मी माळ थांबवली नाही. म्हणालो, "सांगून तो परत येणार आहे का? तिचं दुःख कशाला वाढवतोस? देवाच्या मनात होतं ते झालं. नाम घे आणि गप्प राहा."

मला माझे बोलणे फार शहाणपणाचे वाटले होते.

मिस्त्री गप्प राहिला. वर्षभर. ब्याण्णवचा ऐंशीवर आला, पण तोंड उघडले नाही. मग एक दिवस बहीणच म्हणाली, "दादा, ती गाडी तुझ्या शेडमधून हलव. बघवत नाही मला." वनरक्षकाला तशी गाडी हवीच होती.

एकोणतीस नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. एवढ्या उशिरा का? तर त्या इंजिनाचा आवाज बहिणीच्या कानी पडू नये, ती झोपलेली असावी, म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत त्याने गाडी ढकलत नेली, चोराने न्यावी तशी. किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली.

तीन किलोमीटर सारे ठीक होते. चांदणे नव्हते, वारा नव्हता. पुढच्या दिव्याचा झोत रस्त्यावर सरळ पडला होता. मग मोरी आली. मोरी ओलांडली…

आणि झोत वर गेला. रस्ता काळा झाला, समोरच्या झाडांचे शेंडे उजळले.

दिवा ढिला झाला असेल, असे समजून मिस्त्री उतरला. दिवा घट्ट होता. झोत पुन्हा रस्त्यावर आलेला होता. तो बसला, निघाला. दहा पावलांवर झोत परत शेंड्यांवर. मिस्त्री कारागीर माणूस. त्याला कारण कळायला वेळ लागला नाही. गाडी मागून दबली की दिवा वर बघतो.

गाडी मागून दबली होती.

त्याने मान वळवली नाही. चढ संपेपर्यंत तशीच नेली. माथ्यावर मैलाच्या दगडाशी थांबला. इंजिन बंद केले, दिवा चालूच ठेवला. दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसून राहिला.

शांत.

रातकिडासुद्धा नाही.

"कोण आहे?" असे विचारायला त्याने तोंड उघडले.

मग अगदी पाठीशी… खर्रर्र…

टेप ओढल्याचा आवाज. पोलादी पट्टी हळूहळू बाहेर येते, तसा.

टेप त्याच्याजवळ नव्हती. ती शेडमध्ये खिळ्याला होती.

खर्रर्र… आणि थांबला. कुणीतरी वाकून माप वाचत असावे, इतका वेळ थांबला.

टक.

पुन्हा शांत. ती शांतता वाट पाहत होती. एका उत्तराची. एका वर्षापूर्वी चुकीच्या दिलेल्या उत्तराची.

मिस्त्री रडत म्हणाला, "नाही… नाही रे केली सैल. खोटं बोललो मी."

काहीच झाले नाही.

"धाकटीला सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

मागची बाजू हलकेच वर आली. झोत खाली उतरला, रस्त्यावर.

घोड्याला कळले होते.

मिस्त्रीने गाडी वळवली ती थेट बहिणीच्या दारात. पाऊण वाजला होता. दार उघडताच, आत पाऊलही न टाकता, त्याने सगळे सांगून टाकले. ती ओरडेल, मारेल, दार लावून घेईल, सगळ्याला तो तयार होता. ती मात्र चौकटीला टेकून खालीच बसली.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी त्याला नको नको ते बोलले होते. घुश्शात गेला तो. मला वर्षभर वाटतंय, माझ्या बोलण्यानं त्याचं लक्ष उडालं. मीच मारला त्याला…"

ऐकलेत? वर्षभर. माझ्या भिंतीपासून चौथ्या घरात ती पोर स्वतःला खुनी समजून जगत होती, आणि तिला त्यातून सोडवणारे एक वाक्य मी मिस्त्रीच्या घशात अडकवून ठेवले होते. नामाने पाप जळते, यावर माझी आजही श्रद्धा आहे. पण नामाचा बोळा करून तो दुसऱ्याच्या तोंडात कोंबला, तर कोणते पाप लागते, ते मला कुणी शिकवले नव्हते.

हो, सांगतो. पुढचे सांगतो.

बहीण दिवा घेऊन गाडीजवळ आली. बाजूच्या कोऱ्या पट्टीवर आकडा होता. लाल. ६५.

तिने दिवा पट्टीजवळ धरला. मग म्हणाली, "हा सहा त्याचाच." तिने सहाच्या गिरकीवरून बोट फिरवले. रंग खडखडीत वाळलेला. मिस्त्रीनेही हात लावून पाहिला. वाळलेला.

सकाळी मिस्त्रीने मला बोलावून नेले. माझ्यादेखत स्प्रिंग होती तशीच ठेवून त्याने बैठकीवर लोखंडी वजने बांधली, अठ्ठावन्न किलोंची. बहिणीने टेप धरली. बसकण भरली पासष्ट. शंभरऐवजी पासष्ट. त्या दिवशी पेंटर बसल्यावर मोजली असती, तर आली असती तेवढीच.

मिस्त्रीने माझे नाव तिला सांगितले नव्हते. आजतागायत नाही. "मास्तर, तुम्हीपण बघा," ती म्हणाली, "कसा वाळलाय तो. जसा काही वर्षापूर्वीच लिहिलाय."

मी बोट टेकवले.

माझे बोट लाल झाले.

ती पाहायच्या आत मी मूठ मिटली. घरी आलो, हात धुतला, घासला, आणि जपाला बसलो. सवयीने पहिला मणी ओढला…

उद्या तिला सांगेन, असे मी रोज म्हणतो. दोन वर्षे झाली. लाल झालेला तो मणी रोज रात्री पुसून ठेवतो.

कोण म्हणाला रे, खोटे आहे? तो कंदील जरा इकडे आणा. ही माळ. हा मणी…

हात लावू नका. अजून ओला आहे.